केरळची सहल आखताना किनारा सोडायचा नाही, असे ठरले

गेल्या महिन्यात आईसाठी म्हणून मी केरळचा एक तयार कार्यक्रम मागवून घेतला. कोची, मुन्नार, थेक्कडी, आलप्पुळा आणि पुन्हा कोची, असा सहा रात्रींचा तो नेहमीचा फेरा होता. कागदावर तो भरगच्च दिसत होता, परंतु नकाशा समोर ठेवून अंतरे मांडली तेव्हा माझा उत्साह ओसरला. कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर आणि त्यातला पुढचा सारा रस्ता घाटाचा. मुन्नारहून थेक्कडीही डोंगरातूनच. आणि तिथून खाली आलप्पुळ्याला उतरण्यात आणखी एक अर्धा दिवस. एकाहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी बेजार झालेली आणि वळणांच्या रस्त्यावर हमखास मळमळणारी माझी आई या सहलीचा मोठा भाग मोटारीत बसून काढणार होती. शिवाय तिने मागितले होते ते इतकेच, की ‘मला तिकडचा समुद्र बघायचा आहे.’ तिचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात गेले. आपल्याच किनाऱ्याचे पाणी पुढे दक्षिणेला कसे दिसते, तिथले लोक काय पिकवतात आणि काय खातात, याचे कुतूहल तिच्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे.

म्हणून डोंगर पूर्णपणे वगळायचा असे मी ठरवले. हा निर्णय सोपा नव्हता. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातले निलगिरी तहर (डोंगरी रानबकरे) पाहण्याची माझी स्वतःची फार इच्छा आहे. तिथली नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. ती २०१८ मध्ये फुलली होती आणि पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. त्या वर्षी मी स्वतंत्रपणे तिकडे जाईन. ही सहल मात्र आईची आहे, आणि ती कण्णूर, कोची, आलप्पुळा आणि वर्कला अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे, रेल्वेने, किनाऱ्याकिनाऱ्याने होणार आहे.

दिवस निवडायला सर्वांत जास्त वेळ लागला. केरळचे हवामान आणि महाराष्ट्रातल्या सुट्ट्या यांचा मेळ बसत नाही, हे आपल्याकडचे बरेच लोक तिकडे पोहोचल्यावर शिकतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे साधारण १ जूनला दाखल होतो, हे आपण शाळेत पाठ केलेले असते; पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊसही तिथे चांगलाच पडतो, हे लक्षात राहत नाही. मल्याळममध्ये त्याला ‘तुलावर्षम’ म्हणतात. सकाळी लख्ख ऊन असते आणि दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह सरी कोसळतात. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच येते. मे महिन्यात उकाडा आणि दमटपणा असह्य असतो. नाताळात हवा उत्तम, पण गर्दीही तितकीच. त्याशिवाय नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेची यात्रा चालते आणि त्या काळात केरळकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. जानेवारीच्या मध्यात तिथला मकरविळक्कू उत्सव झाला की ही गर्दी ओसरते. आमच्या घरात आता कोणालाच शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नाही, म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारीचे पहिले काही दिवस आम्ही निश्चित केले.

रेल्वेच का, असे भावाने विचारले. विमानाने दोन तासांत कोचीला उतरता येते हे खरेच आहे. परंतु रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला, त्यावरून आई गोव्याच्या पुढे कधीच गेलेली नाही. तिच्या ओळखीच्या खाड्या, मग कारवारकडचे नदीमुखांचे रुंद पाट आणि मग मलबार, हा बदल तिने खिडकीत बसून पाहावा असे मला वाटते. नेत्रावती एक्सप्रेस दुपारच्या सुमारास लोकमान्य टिळक टर्मिनसवरून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कण्णूरला पोहोचते. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. त्यामुळे जानेवारीच्या अखेरच्या प्रवासासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस, सकाळी आठ वाजता तयार राहायचे आहे. आईला खालचा बर्थ मिळाला नाही तर मी तारीख बदलेन, पण तिला वर चढायला लावणार नाही.

कण्णूरला दोन रात्री राहायचे ते तेय्यमसाठी. उत्तर मलबारमधल्या छोट्या देवस्थानांत, ज्यांना तिथे ‘कावू’ म्हणतात, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत तेय्यम होतात. रंगवलेला चेहरा, प्रचंड मुकुट आणि चेंडा नावाच्या ढोलाच्या गजरात अंगात आलेला देव, असा हा विधी पुष्कळदा रात्रभर चालतो. आईला रात्रभर उघड्यावर बसवणे मला योग्य वाटत नाही. त्यावर एक चांगला उपाय आहे. कण्णूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर वळपट्टणम नदीच्या काठी परश्शिनिकडवूचे मुत्तप्पन मंदिर आहे आणि तिथे जवळजवळ रोज तेय्यम होतो. या देवाला ताडी आणि सुके मासे यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मंदिराच्या आवारात कुत्र्यांना मानाने वागवले जाते. हे सांगितल्यावर आईने आपल्याकडच्या खंडोबाची आणि त्याच्या कुत्र्याची आठवण काढली, आणि तेव्हापासून कण्णूर तिच्या यादीत सर्वांत वर आहे.

कोचीच्या बाबतीत माझ्या पहिल्या आराखड्यात एक मोठी चूक होती. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि जवळचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शनिवारी. आणि आमचे कोचीतले दोन दिवस नेमके शुक्रवार-शनिवार येत होते. सगळी सहल दोन दिवस पुढे ढकलावी लागली. हा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. त्याच्या भिंतींवरची रामायणातली चित्रे मला सावकाश पाहायची आहेत. सिनेगॉग १५६८ सालचे आहे. मट्टनचेरीतच गोव्याहून गेलेल्या गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे, त्यांचे तिरुमल देवस्वम मंदिर आहे आणि घरांत आजही कोकणी बोलली जाते. आईला कोकणी समजते. मंदिराच्या दारात कोणाशी तरी तिचे बोलणे होईल, अशी मला आशा आहे.

कोचीच्या मुख्य भूमीवरच्या एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाण्यासाठी मोटार करण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या बोटी आता हायकोर्ट धक्क्यावरून तिकडे जातात. या बोटींत चढताना पायऱ्या किंवा उडी मारण्याचा प्रश्न येत नाही, हे आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहे. पलीकडे मासेमारीची चिनी जाळी आहेत आणि १५०३ मध्ये मूळ उभारणी झालेले सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ मध्ये वास्को द गामा कोचीत वारला तेव्हा त्याला इथेच पुरले होते. काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले.

आता आलप्पुळा. इथे माझा सर्वांत जास्त विचार झाला, कारण केरळ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर हाउसबोट येते आणि आईनेही आधी तीच मागितली. या बोटींचे मूळ रूप म्हणजे ‘केट्टुवळ्ळम’. खिळा न वापरता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेली ही नाव आलप्पुळ्याजवळच्या कुट्टनाडचा भात कोचीच्या बाजारात नेत असे. रस्ते झाले, मालवाहतूक थांबली, आणि त्याच नावांवर खोल्या चढवून पर्यटन सुरू झाले. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु मुक्कामाची हाउसबोट संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात. म्हणजे रात्रीच्या ज्या प्रवासाची आपण कल्पना करतो, तो होतच नाही. रात्र काढायची ती इतर बोटींच्या रांगेत, आणि कित्येकदा जनरेटरच्या आवाजात. एवढ्या बोटींचे डिझेल आणि सांडपाणी वेंबनाडच्या पाण्यात जाते, ही गोष्टही मला नजरेआड करता येत नाही. वेंबनाड हे भारतातले सर्वांत लांब सरोवर आहे आणि २००२ पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे.

म्हणून आम्ही कुट्टनाडमध्ये काठावरच्या एका घरी दोन रात्री राहू आणि राज्य जलवाहतूक विभागाच्या साध्या प्रवासी बोटीने फिरू. आलप्पुळ्याहून कोट्टयमला जाणाऱ्या बोटीला सुमारे अडीच तास लागतात आणि भाडे हाउसबोटीच्या मानाने अगदी नगण्य असते. या बोटीत शाळेची मुले, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि काठाकाठाच्या धक्क्यांवर होणारी चढउतार दिसते. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीपेक्षा एक ते दोन मीटर खाली केली जाते. बांध घालून पाणी बाहेर उपसतात, आणि बांधावरून चालताना एका बाजूला वर पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेत दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीला जागतिक कृषिवारशाचा दर्जा दिला. जानेवारीत इथले ‘पुंजा’ पीक शेतात उभे असते. कोरड्या हंगामात समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारे बंद करतात, आणि मग साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजते. खारे पाणी शेतात शिरण्याची भीती माझ्या आजोळालाही होती. तिकडच्या खारबंदिस्तीच्या आठवणी आई सांगते, तेव्हा कुट्टनाड तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही असे वाटते.

जेवणाचीही मला चिंता नाही. तिकडच्या माशाच्या कालवणात कुडंपुळी घालतात, जी आपल्या कोकमाच्याच कुळातली आहे, फक्त वाळवताना धुरावर धरल्यामुळे काळी आणि धुरकट वासाची होते. करीमीन नावाचा मासा केळीच्या पानात भाजून देतात. आईने आतापासूनच आमसुलांची एक पुडी त्या घरच्या बाईंसाठी बाजूला काढून ठेवली आहे.

शेवटचे दोन दिवस वर्कलाला. इथे जांभ्याचे कडे थेट समुद्राला येऊन भिडतात. या दगडाचे शास्त्रीय नाव ‘लॅटराइट’ हे फ्रान्सिस ब्यूकॅननने १८०७ मध्ये केरळमधल्याच अंगाडिपुरमच्या दगडावरून दिले, आणि आमचे आजोळचे घर त्याच दगडाचे आहे. कड्यावरची हॉटेले सुंदर आहेत, पण तिथून वाळूत उतरायला खड्या पायऱ्या आहेत. त्यामुळे रस्ता जिथे सरळ किनाऱ्यावर येतो त्या पापनाशमजवळ आम्ही खोली घेणार आहोत. तिथून तिरुवनंतपुरमला जाऊन पद्मनाभस्वामींचे दर्शन घ्यायचे, ज्यासाठी पुरुषांना मुंडू, म्हणजे तिकडचे धोतर, आणि बायकांना साडी लागते, आणि विमानाने परत यायचे.

कुट्टनाडच्या घरमालकिणीला या रविवारी फोन करायचा आहे. धक्क्यावरून बोटीत उतरताना आधाराला कठडा आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, आणि संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर घरापर्यंत रस्त्याने येता येते का, हे तीन प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आलप्पुळा गावातली एक खोलीही पाहून ठेवावी लागेल.