ट्रान्स-हार्बर प्रोजेक्ट अपडेट: पनवेल सानपाड्याच्या जागी का दिसतं

ट्रान्स-हार्बरचा (ठाणे-वाशी/पनवेल लोकल लाइन) जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोजेक्ट थोडा पुढे सरकलाय. ठाण्यापासून सुरुवात, मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, आणि तुर्भ्याला दोन फाटे, एक सानपाडा-वाशी, दुसरा जुईनगर-नेरूळ करत पनवेल. नाव दिलं की ते स्टेशन ठाण्यापासून कितवं (ठाणे ०) हे रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच परत बोलावणाऱ्या, मेथडने सांगायचं, नाही सापडलं तर -१. प्रत्येक स्टेशन लूपने पुढच्या स्टेशनांसाठी तीच मेथड कॉल करतं; हवं ते स्टेशन ० देतं आणि परत येताना दर स्टेशनला +१ होतो.

शोधणं सोपंय हो, घोळ सगळा उत्तर वर आणण्यात. म्हणून मुद्दाम चुकीचे प्रकार लिहून आउटपुट बघितलं.

आतला कॉल नुसता करून सोडला, व्हॅल्यू धरलीच नाही, तर पनवेलचा कॉल ० रिटर्न करतो पण त्याच्या आधीचं खांदेश्वर ते घेतच नाही, स्वतःचं -१ वर पाठवतो आणि ठाण्यापर्यंत -१ च पोचतं. कंपायलर (कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही, त्याला शेवटी एक रिटर्न दिसला की झालं.

लूपमध्ये थेट रिटर्न लिहिलं तर पहिल्याच फेरीत सानपाडा-वाशीकडचं उत्तर घेऊन मेथड मोकळी, जुईनगरकडे कोण फिरकतच नाही. टेस्ट फक्त वाशीवर केली तर सगळं आलबेल वाटणार बघा.

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे आधी +१ आणि मग निगेटिव्ह आहे का बघायचं. वाशी -१ देते, सानपाड्यात त्याचं ० होतं, म्हणजे सापडलं!, मग तुर्भे १, कोपरखैरणे २ असं करत ठाण्याला ७. पनवेल ७ वं स्टेशन, म्हणजे सानपाडा. एरर नाही, काही नाही, आकडाही पटेल असा.

बरोबर काय, तर आतली व्हॅल्यू व्हेरिएबलमध्ये धरायची, -१ नसेल तरच +१ करून रिटर्न, आणि 'नाही सापडलं'वाला रिटर्न लूपच्या बाहेर. आता पनवेल १४, वाशी ८, अंधेरी -१. (काउंट पॅरामीटरमधून वाढवायचा विचार असेल तर जावात इंटची (पूर्णांकाची) कॉपी जाते, आत वाढवलेलं बाहेर दिसत नाही.)

पुढे हार्बर लाइनचं सानपाडा-जुईनगर कनेक्शन दोन्ही बाजूंनी जोडायचंय. व्हिजिटेडची (आधी जाऊन आलेल्या स्टेशनांची) यादी नसेल तर त्या दोघांतच कॉल फिरत राहून स्टॅक ओव्हरफ्लो (कॉलसाठीची मेमरी संपून प्रोग्रॅम बंद), आणि यादी ठेवली तरी सानपाडा आधी घेतलं की पनवेल १५ येणार. म्हणजे पहिलं सापडलेलं रिटर्न करून भागणार नाही, सगळ्या फाट्यांतलं कमीत कमी घ्यायचं आणि परत येताना स्टेशन यादीतून काढायचं. बीएफएस (जवळची स्टेशनं आधी बघत जाणारी पद्धत) सुचवाल माहितीये, पण आधी हे रिकर्शननेच करणार.