कीजमधल्या मुक्कामासाठी ट्रेलर, नोंद तिसरी: मीठ आणि व्होल्टेज

ट्रेलर २४ फुटी, एक स्लाइड (बाहेर सरकवून खोली वाढवणारा भाग), ३० अँपिअरचं कनेक्शन, १३,५०० बीटीयूचा एसी. ग्रे टाकी (अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची) ३८ गॅलन, ब्लॅक (संडासाची) ३०. मुक्काम फ्लोरिडा कीजमधल्या (अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटांची रांग) बाहिया होंडा स्टेट पार्कात, जानेवारीत. आजची स्थिती: विजेचं काम पूर्ण, जाळ्या बदलून झाल्या, सांडपाण्याचं गणित बसलं, गंजाचं काम अर्ध्यावर.

जागा

कीजमध्ये पत्ता माइल मार्करवरून (रस्त्याकडेच्या मैलांच्या पाट्या) सांगतात. यूएस १ हा एकच रस्ता, की वेस्टला ०, तिथून वर मोजत यायचं. इथली स्टेट पार्कं: बाहिया होंडा ३७ ला, करी हॅमक ५६ ला, लाँग की ६७.५ ला, जॉन पेनेकँप १०२.५ ला. लाँग कीच्या साइट्स (मुक्कामाच्या जागा) अगदी अटलांटिकला खेटून होत्या. १० सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ कजो कीवर चौथ्या श्रेणीत धडकलं आणि तो कँपग्राउंड उद्ध्वस्त झाला. जुने लेख वाचून बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

स्टेट पार्कांचं बुकिंग २०२४ पासून फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी उघडतं, बाकीच्यांना १० महिने आधी, सकाळी ८ वाजता. म्हणजे न्यू जर्सी किंवा टेक्सासवाल्यांची पाळी येईपर्यंत हिवाळ्यातले शनिवार-रविवार बहुतेक उडालेले असतात. सलग आठवडा मिळवण्याचा हट्ट सोडून रद्द झालेल्या तारखांवर डोळा ठेवायचा आणि सोमवार ते गुरुवार असे तुकडे जोडायचे. मधे साइट बदलावी लागली तरी चालेल.

बाहिया होंडात बटनवुड, सँडस्पर आणि बेसाइड असे तीन भाग आहेत. बेसाइडकडे जाणारी वाट पुलाखालून जाते आणि तिथे उंचीची मर्यादा ६ फूट ८ इंच आहे. ट्रेलर तिथे जात नाही, छतावर एसी नसला तरीही नाही. मोठ्या गाड्यांनी बटनवुडच बघावं. तिथे पाणी आणि वीज साइटवर मिळते, सांडपाण्याची जोडणी नाही, डंप स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे. साइटवरच सांडपाण्याची जोडणी हवी असेल तर पेनेकँप, पण तिथल्या साइट्स झाडीत आहेत, पाण्यावर नाहीत.

पाण्याला लागून असलेली पहिली रांग सगळ्यांना हवी असते. आमचं मत उलटं आहे: दुसरी रांग घ्या. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे फारसे कामाचे नाहीत, कारण बेटं इतकी चिंचोळी की जमीन तापून-निवून स्वतःचा जोरदार वारा उभा करू शकत नाही. हिवाळ्यात वारा मुख्यतः पूर्वेकडून असतो. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा सरकला की तो दक्षिण, पश्चिम करत वायव्येला वळतो, मग एक-दोन दिवस उत्तर-ईशान्येकडून झोडपतो. पहिल्या रांगेत या काळात ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूचं कापडी छत) उघडता येत नाही आणि एसीच्या जाळीवर मिठाचा थर बसतो. दुसऱ्या रांगेत वारा लागतो, तुषार लागत नाहीत. अगदी आतल्या झाडीत मात्र चिलटं. (भरतीची धास्ती नको. कोकणातल्या दोन-तीन मीटरच्या भरतीची सवय असलेल्यांना इथली दीड-दोन फुटांची भरती किरकोळ वाटेल.)

वीज

३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट, पण सलग चालणाऱ्या भारासाठी ८० टक्के धरायचे: २४ अँपिअर. एसी १३, फ्रिज विजेवर ३, कन्व्हर्टर बॅटरी चार्ज करताना ५. झाले २१. पाणी तापवायची १,४४० वॅटची कॉइल आणखी १२ खाते, म्हणून गीझर गॅसवरच. मायक्रोवेव्ह लावायचा तर तेवढा वेळ एसी बंद. इंडक्शन शेगडी १,८०० वॅटवर १५ अँपिअर ओढते, तिलाही हाच नियम. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही. चटणीसाठी ११० व्होल्टचाच घ्या.

खरा घोटाळा ब्रेकर पडण्याने होत नाही, कमी व्होल्टेजने होतो. सगळ्या साइट्सवर एसी सुरू झाले की पेडेस्टलवरचं (साइटवरच्या विजेच्या खांबावरचं) व्होल्टेज उतरतं. कमी व्होल्टेजवर काँप्रेसरची मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि एसी जातो. साधा सर्ज प्रोटेक्टर याला काहीही करत नाही. त्यामुळे १०४ व्होल्टखाली पुरवठा तोडणारा ईएमएस (विजेवर नजर ठेवणारं उपकरण) बसवला आहे. एसीला सॉफ्ट स्टार्टही लावला, म्हणजे सुरू होतानाचा झटका कमी होतो.

एक्स्टेंशन १० गेजचीच (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). तिच्या तांब्याचा रोध १,००० फुटांना साधारण १ ओम. ५० फुटांची केबल म्हणजे जाऊन-येऊन १०० फूट, ०.१ ओम. २४ अँपिअरला २.४ व्होल्टचा घाटा, तो चालतो. हार्डवेअरच्या दुकानातली १४ गेजची केशरी वायर लावली तर घाटा सहा व्होल्टपर्यंत जातो आणि वायर तापते ती वेगळीच.

प्लग जळण्याचं कारण बहुतेक वेळा मीठ. पितळी पात्यांवर हिरवट थर चढला आणि जोडाचा रोध ०.१ ओमने वाढला, की २४ अँपिअरला तिथे जवळजवळ ६० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर चालतं. उपाय: पाती बारीक स्कॉच-ब्राइटने घासून चकचकीत करायची, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यायचा. पेडेस्टलचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावायचा आणि काढायचा. एसी अर्धा तास चालल्यावर प्लगच्या मागच्या बाजूला हात लावून बघायचा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर पेडेस्टलचं सॉकेट सैल झालंय, रेंजरला सांगून साइट बदलून घ्या.

दमटपणा

एसीचा पंखा "ऑन"वर ठेवू नका, "ऑटो"वर ठेवा. काँप्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवर साचलेलं पाणी तो परत खोलीत फेकतो. दुसरी चूक गॅसवर आत स्वयंपाक करण्याची. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, त्यात कुकरच्या शिट्ट्या आल्याच. शेगडी बाहेरच्या टेबलावर, आणि जेवण झालं की सगळं आत, कारण बाहिया होंडातले रकून डब्यांची झाकणं उघडतात. गादीखाली दोन सेंटिमीटर जाडीची प्लॅस्टिकची जाळी घातली आहे. ती नसेल तर आठवड्यात गादीच्या पाठीला बुरशीचे ठिपके येतात.

खिडक्यांना कंपनीची १८ × १६ जाळी (इंचाला उभे-आडवे धागे) होती. डास अडतात, पण "नो-सी-अम" नावाची टाचणीच्या टोकाएवढी चिलटं आरपार येतात. २० × २० जाळी घातली. हवा थोडी कमी येते. पहाटे आणि सूर्यास्ताला वारा पडला की ती बाहेर पडतात, तेव्हा बाहेर खुर्चीजवळ एक पंखा लावला तरी बराच फरक पडतो, कारण त्यांना वाऱ्यात उडता येत नाही.

टाक्या

शॉवरची तोटी मिनिटाला १.८ गॅलनची. चार मिनिटांची अंघोळ म्हणजे ७ गॅलन, दोघांचे १४. साबण लावताना पाणी बंद ठेवलं तर माणशी ३. भांडी ३. दिवसाला ९ गॅलन धरले तर ३८ ची ग्रे टाकी चार दिवस टिकते. पार्काच्या स्नानगृहात अंघोळ केली तर आठवडाही. ब्लॅक टाकी दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे पाइप साबणाच्या पाण्याने धुतला जातो. पेनेकँपला सांडपाण्याची जोडणी आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे नवखे असतात. पातळ निघून जातं आणि घट्ट तळाला डोंगर करून बसतं. पाण्याच्या नळाला दाब आटोक्यात ठेवणारा ५० पीएसआयचा रेग्युलेटर, नळाच्या टोकालाच, ट्रेलरच्या टोकाला नाही. नाहीतर होज फुटते.

गंज

झालेलं: बाहेरचे सगळे सुटे स्क्रू ३१६ स्टेनलेसचे केले (३०४ ला इथे तांबूस डाग पडतात), ॲल्युमिनियमला लागून असलेल्या स्टीलखाली नायलॉनचे वॉशर, पायरीच्या सांध्यांना आणि लीफ स्प्रिंगना लॅनोलिनचा फवारा. स्लाइडच्या रुळांना तेलकट काही लावू नका, वाळू चिकटते. तिथे कोरडा टेफ्लॉन स्प्रे.

जमीन प्रवाळाच्या खडकाची, वरून खडी. तंबूच्या साध्या खुंट्या वाकतात. १२ इंची पोलादी खिळे आणि दोन किलोचा हातोडा ठेवला आहे. झाडांना दोरी बांधायची नाही.

सेव्हन माइल पूल दोन पदरी आहे आणि वारा आडवा येतो. हिचवरचा (गाडी आणि ट्रेलरच्या जोडावरचा) भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत असेल तर डोलत नाही. मागे सायकलींचा रॅक लावला की हा आकडा गुपचूप खाली येतो, म्हणून पुन्हा तोलून घ्यायचं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. त्यात पर्यटक आणि आरव्हीवाल्यांना (ट्रेलर किंवा घरासारख्या गाड्या घेऊन आलेल्यांना) सगळ्यात आधी बाहेर काढतात, रस्ता एकच असल्याने गाडीची इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

बाकी: चाकांची बेअरिंग उघडून नवं ग्रीस, ब्रेकच्या तारांचे जोड हीट-श्रिंकने बंद करणं, प्रोपेनच्या पिगटेलला (सिलिंडरची लवचीक नळी) साबणाच्या पाण्याने गळती तपासणं. एसीच्या फिन्स धुवायला पंप-स्प्रेअर आणला आहे. ब्रेकर बंद करून, कमी दाबाने, आतून बाहेर. प्रेशर वॉशरने त्या आडव्या होतात.