तुम्ही विचारलंत म्हणून: माकडतापाची पट्टी का नाही?

"मलेरियाची आहे, डेंग्यूची आहे, एचआयव्हीची आहे. मग आमच्या माकडतापाची पट्टी तुम्ही का काढत नाही?"

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं लग्न असो, चवथ असो, शिगमो असो, जेवणाची पंगत उठायच्या आत कुणीतरी मला हे विचारतंच. माकडताप म्हणजे जंगलातल्या गोचिडी चावून होणारा विषाणूचा ताप. मी वेर्ण्याला रॅपिड टेस्ट, म्हणजे थेंबभर रक्तावर रेषा दाखवणाऱ्या पट्ट्या, बनवणाऱ्या एका कंपनीत संशोधन विभागात आहे आणि माझं माहेर वाळपईच्या पलीकडे, काजूच्या बागायतींत. त्यामुळे विचारणाऱ्यांच्या लेखी मी दोन्हीकडून दोषी. आजवर मी हसून "बघूया" म्हटलंय, "आमच्या हातात नसतं ते" म्हटलंय, एकदा तर चिडून "तुम्हीच काढा ना" असंही म्हटलंय. यातलं एकही उत्तर नव्हे. म्हणून आता एकदाच बसून लिहिते.

पहिला संशय पैशाचा. तो निम्मा खरा आहे. मलेरियाच्या पट्ट्या जगात दरवर्षी कोट्यवधी खपतात. माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१५ मध्ये आपल्या पाली गावात आला, पुढच्या वर्षी पलीकडे दोडामार्गात. आजही तो पश्चिम घाटाच्या पाच राज्यांपुरता, तोही मुख्यतः डिसेंबर ते मे. गिऱ्हाईक एकच, सरकार. आमच्या मार्केटिंगवाल्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "वर्षाला किती लागतील?" मी सांगितलेला आकडा ऐकून त्यांनी चहा मागवला.

पण सगळं पैशावर ढकलून मी मोकळी झाले तर ते खोटं ठरेल, कारण कंपनीनं मला पैसे दिले होते. थोडे, पण दिले होते. काम सुरू झालं होतं. ते पैशामुळे अडलं नाही. म्हणजे शेवटी पैशामुळेच अडलं, पण त्याच्या आधी बऱ्याच गोष्टी अडल्या.

मलेरियाची पट्टी इतकी चांगली चालते त्यात आमची हुशारी कमी, जंतूची मेहेरबानी जास्त. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा परजीवी एचआरपी-२ नावाचं प्रथिन रक्तात भरभरून सोडतो आणि त्या प्रथिनात तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पट्टीवरच्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, धरायला जागाच जागा. इतकं, की औषध घेऊन माणूस बरा झाला तरी रेषा पुढे काही आठवडे येत राहते. (पेरू, इरिट्रिया अशा देशांत काही परजीवींनी तो जनुकच टाकून दिलाय. तिथे हीच पट्टी आंधळी होते. तेव्हा मलेरियाच्या पट्टीचाही फार तोरा नको.)

माकडतापात धरायला काय आहे? एक, शरीर बनवतं ते आयजीएम प्रतिपिंड, पण ते दिसायला पाचेक दिवस जातात आणि आम्हाला माणूस त्याच्या आधी पकडायचा असतो. दुसरं, विषाणूचं स्वतःचं एनएस-१ प्रथिन, डेंग्यूत पकडतात तेच. मी ही दुसरी वाट धरली. तेव्हाची मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची, डेंग्यूत जमतं तर इथे का नाही, कूळ तर एकच. आताची मी तिला सांगते, बाय गं, कूळ एक आहे हीच तर खोच आहे. माझ्या प्रतिपिंडानं डेंग्यूचं एनएस-१सुद्धा धरलं, तर डेंग्यूच्या प्रत्येक पेशंटला मी माकडताप लावणार. शिवाय प्रतिपिंडं दोन लागतात, एक पट्टीवर रेषेत बसवायला आणि एक सोन्याच्या कणांना चिकटवायला. दोघांनी तेच प्रथिन दोन वेगळ्या बाजूंनी धरायचं, कुर्ली धरतात तसं. दोन्ही बोटं एकाच जागी गेली तर हाती काही लागत नाही. उंदरांत प्रतिपिंडं तयार करण्यापासून सुरुवात करून अशी जोडी मिळायला महिनोन्महिने जातात.

जोडी मिळाली की रक्ताचे नमुने हवेत. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतले, पीसीआरनं खात्री झालेले. ते सरकारी प्रयोगशाळांत असतात आणि तिथेच असायला हवेत. हा विषाणू जिवंत हाताळायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्हीत, आहे तसली वरच्या दर्जाची जैवसुरक्षा लागते. वेर्ण्यातल्या माझ्या टेबलावर तो उघडायची मला परवानगी नाही आणि हौसही नाही. मग नैतिकता समितीकडे अर्ज, करार, या साहेबांची सही, त्या साहेबांची सही. सह्या पुऱ्या होईतो पाऊस लागतो. पाऊस लागला की गोचिडींची पिल्लं नाहीत, पेशंट नाहीत, नमुने नाहीत. पुढच्या काजूपर्यंत बसा. माझ्या प्रकल्पाचं वेळापत्रक बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, मोसमावर चालतं, हे आमच्या मुंबईच्या सल्लागाराला कधीच पटलं नाही.

आता काकांचं. तुमच्यापैकी बरेच जण खरं तर तेच विचारत असता, तोंडानं वेगळं म्हणता एवढंच.

मार्च होता. रात्री काकीचा फोन आला. काकांना चार दिवस ताप, डोकं फुटतंय, कंबर-पाय धरलेत, डोळे लाल. त्याआधी रोज बागायतीत बोंडू वेचायला जात होते. सकाळी एका खासगी दवाखान्यात डेंग्यूची पट्टी केली होती. चुलतभावानं तिचा फोटो पाठवला. एनएस-१ची खिडकी कोरी. आयजीएमच्या जागी एक रेषा, म्हटली तर आहे, म्हटली तर नाही. डेंग्यू आहे, घरी पडून राहा, प्लेटलेट परवा बघू, असं सांगून घरी पाठवलेलं.

मी फोटो मोठा करून बघितला. फिकट रेषा बघण्यावरच माझं पोट आहे. चौथा दिवस, एनएस-१ नाही आणि आयजीएम अशी फिकट. ती दोनेक महिन्यांपूर्वी न कळत होऊन गेलेल्या डेंग्यूची असू शकते, त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूची असू शकते, नुसता पट्टीवरचा डागही असू शकतो. मी म्हटलं, "वाळपईच्या सरकारी इस्पितळात ने. आत्ता. काजूत जात होते म्हणून सांग, माकडतापासाठी रक्त घ्या म्हणावं."

काकी म्हणाली, "ते रक्त कुठे कुठे पाठवणार, त्याला दिवस लागणार. तुझ्याकडे आहे ना ती पट्टी? चवथीला सांगत होतीस. घेऊन ये की."

होती. ड्राय कॅबिनेटमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद केलेल्या पाउचांत, वर पेनानं लिहिलेला लॉट नंबर. गाडी काढली असती तर दीड-दोन तासांत माहेरी पोचले असते. एक थेंब रक्त, वीस मिनिटं.

मी नाही म्हटलं.

यापुढचं तुम्हाला सफाई दिल्यासारखं वाटेल. सफाईच आहे ती. परवानगी न मिळालेलं किट पेशंटवर वापरून निदान करता येत नाही, वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम त्यासाठीच आहेत. पण त्या रात्री नियम आठवून मी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे कोरी पट्टी होती. ती कोरी आली असती तर काकी म्हणाली असती, चला, माकडताप नाही, आपल्या बायनंच बनवलेली पट्टी आहे. मग वाळपईला गेलीच नसती. कोऱ्या पट्टीचा अर्थ 'नाही' असा घ्यायचा तर ती आधी खात्रीच्या पेशंटांवर पारखलेली हवी, आणि माझी पारखलेली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या रॅपिड अँटीबॉडी टेस्ट वापरणं थांबवा म्हणून आयसीएमआरला राज्यांना सांगावं लागलं, ते आठवा. टीबीच्या रक्तातल्या अँटीबॉडी टेस्टवर २०१२ मध्ये सरकारनं बंदीच घातली, कारण वर्षानुवर्षं त्या विकल्या जात होत्या आणि निदान चुकत होतं. आमच्या धंद्यात घाईचे असे नमुने पुष्कळ आहेत.

झाली सफाई. आता जे मी सहसा टाळते ते. रेषा आली असती तर? तर काकीनं त्याच मिनिटाला गाडी काढून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आपलं गोमेकॉ, गाठलं असतं. मी तोंडानं तेच सांगत होते, पण ती हलली नाही. डॉक्टरनं डेंग्यू म्हटलंय, पट्टीत दिसलंय, आणि ही फोनवरून दुसरंच सांगते. रात्र गेली, सकाळ गेली. डोळ्यांना दिसलेल्या एका फिकट रेषेपुढे माझा शब्द चालला नाही. रेषेला उत्तर रेषेनंच द्यावं लागतं, हे मला त्या रात्रीही कळत होतं आणि तरी मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा त्यांना वाळपईला नेलं, तिथून १०८नं गोमेकॉत. पीसीआरमध्ये माकडताप निघाला. ताप उतरला, घरी आले, घरात गोडधोड झालं. आठ-दहा दिवसांनी ताप परत चढला. या आजारात काही जणांना अशी दुसरी फेरी येते आणि ती मेंदूला धरते. हात थरथरायला लागले, स्वतःच्या मुलाला भावाच्या नावानं हाक मारायला लागले. हळूहळू त्यातून बाहेर पडले. आता बागायतीत जातात, पण त्यांच्या हातात कोयता कुणी देत नाही.

दिवसभर आधी नेलं असतं तर? ओळखीच्या डॉक्टरांना मी हे पुन्हा पुन्हा विचारलंय. या विषाणूवर नेमकं औषध नाही. अंगातलं पाणी, रक्तस्राव, प्लेटलेट यांवर नजर ठेवायची, आणि दुसरी फेरी कुणाला येणार हे एका दिवसानं ठरत नाही, असं ते सांगतात. मी हे काकीला सांगितलं नाही. जे माझ्या सोयीचं आहे ते माझ्याच तोंडून ऐकून तिला काय वाटणार?

पुढच्या मोसमात एकदाचे नमुने मिळाले. फक्त आकडे घातलेल्या नळ्या, त्याही विषाणू निष्क्रिय केलेल्या, कुठली कुणाची ते आम्हाला ठाऊक नाही. सगळ्या चाचण्या झाल्यावर यादी उघडली. माझ्या पट्टीनं खऱ्या माकडतापाचे निम्म्याहून थोडे जास्त पकडले होते. डेंग्यूच्या काही नमुन्यांवरही रेषा होती. त्या वर्षअखेर प्रकल्प बंद झाला, आणि बंद करणाऱ्यांशी मी भांडले नाही.

तो निकाल घेऊन मी काकीकडे गेले. मला सुटका हवी होती, दुसरं काही नाही. त्या रात्री पट्टी आणली असती तरी ती बरोबर बोलली असतीच असं नाही, हे कागदावर होतं. काकीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं तू केलंस काय?"

मध्यंतरी मी एक गणित सगळ्यांना ऐकवायचे. समजा मोसमात सत्तरीत तापाची १००० माणसं तपासली आणि त्यांत खरे माकडतापाचे १०. पट्टी शंभरातले ९० पकडणारी आणि तो आजार नसलेल्या शंभरातल्या ९८ जणांना 'नाही' म्हणणारी. आमच्यात ही चांगली पट्टी. ती दहातले ९ पकडेल, पण उरलेल्या ९९० पैकी जवळजवळ २० जणांवर खोटी रेषा काढेल. म्हणजे २९ रेषा, त्यांतल्या २० खोट्या. बघा, पट्टी नाही तेच बरं, असा माझा सूर. माझ्या चुलतभावानं एकदा हे ऐकलं. बीकॉम आहे तो, सोसायटीत हिशोब लिहितो. म्हणाला, "ताई, मग बांबोळीला २९ जणांनाच पाठवायचं ना? हजार जणांना तर नाही." सुटलेल्या एकाचं काय, असं मी म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता.

दरम्यान वेर्ण्यातल्याच एका कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पीसीआर यंत्रासाठी एनआयव्हीच्या साथीनं माकडतापाची चाचणी तयार झाली. टीबीसाठी या यंत्राला २०२० मध्ये डब्ल्यूएचओनं मान्यता दिली होती. आता पट्टीची गरजच काय, असं तुम्ही म्हणाल, मीही म्हटलं होतं. माझ्या पट्टीपेक्षा ते नक्कीच भरवशाचं. पण त्याला शिकलेला हात लागतो, चिपचा पुरवठा लागतो, आणि मुख्य म्हणजे माणूस यंत्रापर्यंत जावा लागतो. काकी वाळपईला जायलाच तयार नव्हती. ती घरी येणारी वस्तू मागत होती.

यंदा मी प्रस्ताव परत लिहितेय, एनएस-१ आणि आयजीएम दोन्ही एकाच पट्टीवर. वरचे म्हणतात, परत तेच? 'अपेक्षित खप' या रकान्यात मी या वेळीही तोच छोटा आकडा भरलाय. मंजूर होईल की नाही ते सांगत नाही, आणि झाला तर ती पट्टी काकांसारख्या माणसाला चौथ्या दिवशी पकडेल का, तेही सांगत नाही. तोवर काजूच्या दिवसांत घरात कुणाला ताप आला तर आधी गाडी काढा. पट्टीचा फोटो पाठवायचाच असेल तर वाळपईच्या वाटेवरून पाठवा.