सात दिवस पाठीमागून आवाज

आमची होडी पाण्यात उतरण्याआधी वजनकाट्यावर नापास झाली. कॅनडातल्या बाउरॉन लेक प्रोव्हिन्शियल पार्कात नियम आहे, की दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, हातगाडीवरून नेताना तिच्यात 60 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 27 किलोंपेक्षा जास्त सामान ठेवायचं नाही. चाकांनी वाटेला चर पडतात म्हणून. बाकीचं पाठीवर. आमचं भरलं 38 किलो. तिथेच जमिनीवर पिशव्या उघडून बसलो. दोन घडीच्या खुर्च्या मोटारीत परत गेल्या, बीडाचा तवा गेला (तो आणलाच का, यावर आमचं आजही एकमत नाही), आणि पाच किलोंच्या तांदळातले तीन किलो गेले. भडंग मी जाऊ दिली नाही. सांगलीची माणसं भडंगेशिवाय मुक्काम करत नाहीत, आणि तिला वजन तरी कुठे असतं?

आम्ही व्हँकुव्हरजवळ राहतो. तिथून क्वेनेलमार्गे साडेसातशेच्या वर किलोमीटर गाडी हाकली, 1862 साली सोन्यासाठी वसलेलं बार्करव्हिल मागे टाकलं, कच्चा रस्ता लागला आणि तळं आलं. इथला फेरा 116 किलोमीटरचा. तळी, नद्या आणि मधल्या पायवाटा मिळून जवळजवळ चौकोन होतो आणि जिथून निघालो तिथेच परत येतो. बहुतेक लोक सहा ते दहा दिवस घेतात. आम्ही सात ठरवले.

पहिल्या तीन पायवाटा एकापाठोपाठ आहेत: 2.4, 2 आणि 1.6 किलोमीटर. ऐकायला किरकोळ. पण चिखलात रुतलेली हातगाडी पुढून मी ओढतेय, मागून हा, माझा नवरा, ढकलतोय, पाठीवर पंधरा किलो आणि कानाभोवती डास, असे सहा किलोमीटर दोन दिवसांत विभागले तरी पुरून उरतात. नवख्यांना माझं एकच सांगणं, गाडीची चाकं मोठी घ्या आणि होडी पट्ट्यांनी दोन ठिकाणी करकचून बांधा. आमची पहिल्याच उतारावर गाडीवरून घसरली.

कनूत हलका माणूस पुढे, वजनदार मागे. पुढच्याने वल्ह्याची लय धरायची, मागच्याने दिशा सांभाळायची. मी लहानपणी कृष्णेच्या घाटावरून होड्यांच्या शर्यती पाहिलेल्या, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. पण लांबून पाहणं आणि आत बसणं यांत फार अंतर आहे. मागच्याने प्रत्येक फटका संपताना वल्ह्याचं पातं बाहेर वळवायचं असतं, नाहीतर होडी हळूहळू वल्ह्याच्या उलट्या बाजूला वळत जाते. याला ते जमेपर्यंत किबी लेकवर आम्ही सापासारखे गेलो.

पण मला खरी अडचण वेगळीच होती. पुढे बसणाऱ्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही. मान वळवली तर होडी डुलते. लग्नाला सोळा वर्षं झाली, याच्या भुवईवरून मला कळतं की हा चिडलाय का दमलाय. इथे नुसता आवाज. "डावीकडे घे." आता हे वैतागून म्हटलं की सहज? पहिले दोन दिवस मी प्रत्येक वाक्य वैतागून म्हटलंय असंच धरलं आणि तसंच उत्तर दिलं.

आयझॅक लेकवर ते बदललं. हे तळं 38 किलोमीटर लांब, दोन्हीकडे डोंगर, आणि दुपारी वारा सुटला की लाटा होडीच्या काठाला लागतात. म्हणून पहाटे पाचला निघायचं, काठ धरून जायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तंबू ठोकायचा. त्या पहाटे पाणी इतकं स्थिर होतं की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू यायचे. तासभर कोणीच बोललं नाही. मग मागून हा म्हणाला, "मला ती नोकरी सोडायची आहे." दोन वर्षं घरात जेवणाच्या टेबलावर जे निघालं नाही ते इथे निघालं. मी वल्हं थांबवलं नाही, वळलेही नाही. "कधीपासून वाटतंय?" एवढंच विचारलं. पुढचे दहाएक किलोमीटर आम्ही तेच बोलत होतो. समोर असते तर माझा चेहरा बघून हा तिसऱ्या वाक्याला गप्प झाला असता, हे मला माहीत आहे.

आयझॅकच्या शेवटी तळ्याचं पाणी एकदम अरुंद धारेतून नदीत पडतं. तिला शूट म्हणतात. ज्यांना जमतं ते होडीतून जातात, बाकीचे शेजारच्या वाटेने चालत. याला जायचं होतं. आमच्यासमोर एक जोडी वळणावर उलटली, लाइफ जॅकेटमुळे तरंगत काठाला लागली, त्यांच्या पिशव्या मात्र खाली कुठेतरी. हा काही न बोलता हातगाडी जोडायला लागला.

पुढे कॅरिबू नदीत हिमनदीच्या गाळाने पाणी दुधाळ झालेलं, त्यामुळे बुडालेले ओंडके दिसत नाहीत. तिथे डोळे पुढच्याचे लागतात. मी ओरडायचे, हा वळवायचा. लॅनेझी लेकवर दिवसभर पाऊस होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बोटं सुन्न झाली, मेतकूट-भात खाऊन झोपलो.

रात्री अन्न तंबूत ठेवायचं नाही. मुक्कामाच्या जागी अस्वलांसाठी लोखंडी पेट्या असतात. त्यांत टूथपेस्टसुद्धा जाते, आणि गुडघ्याला लावायचा बामही. मी फोडणी करायचीच नाही असं ठरवलं होतं, पण सँडी लेकच्या वाळूवर ऊन पडलं आणि राहवलं नाही. तंबूपासून लांब, चमचाभर तेलात मोहरी. पिठलं झालं. भांडी दोनदा घासली.

सहाव्या दिवशी उना लेकला होडी लावून कॅरिबू फॉल्स पाहून आलो. धबधबा 24 मीटरचा. नदी सरळ तिकडेच जाते, त्यामुळे वळण चुकवून चालत नाही.

शेवटच्या सकाळी बाउरॉन नदीच्या दलदलीत एक मूस हरणाची मादी गुडघाभर पाण्यात उभी होती. मागून हळूच, "उजवीकडे बघ." वैतागून नव्हे.

धक्क्याला लागलो, मी उतरले आणि वळून पाहिलं. नाकाचं साल निघालेलं, सात दिवसांची दाढी, त्यात बरेच पांढरे केस. "काय बघतेस?" म्हणाला.

"काही नाही. दोर टाक."