बालसंगोपनाचा अर्ज आणि डॉक्टरांचं ते पत्र : माझा अनुभव

ताईला बायपोलर हा मानसिक आजार आहे. दोनदा दाखल करावं लागलं, तेव्हापासून भाची माझ्याकडे, कळव्याला. चौथीत आहे. भावोजी घर सोडून गेलेत.

आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठीच्या, राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिना 2250 रुपये मिळतात हे शाळेतल्या बाईंनी सांगितलं. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, घराच्या दारात मुलीबरोबर काढलेला फोटो, सगळं आठवड्यात जमलं. अडलं ते अर्ज घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी.

"मृत्यूचा दाखला?"

"कोणाचा?"

"आईचा नाहीतर वडिलांचा."

दोघं जिवंत आहेत म्हटल्यावर अर्ज परत माझ्या हातात. पालक गंभीर आजारी असेल तरी मूल योजनेत बसतं, हे मी घोकून गेले होते. तर म्हणे, "गंभीर म्हणजे कॅन्सर वगैरे. डोक्याचं कसं धरणार?" मागे रांग, शेजारी भाची. तिला नेलं ही माझी चूक. मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, अर्ज द्यायला नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचं पत्र नेलं, "नियमित उपचार सुरू आहेत." चालणार नाही, "सांभाळायला असमर्थ" असं लिहून आणा. डॉक्टर लिहीनात. औषध लागू असतं तेव्हा ताई मुलीचा अभ्यास घेते, डबा करते. कायमची असमर्थ कशी लिहू, म्हणाले. मी त्यांच्यावरच चिडले. घरी ताईने विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहायला सांगितलंय?" मला सांगता येईना. डॉक्टर बरोबर होते.

तिसरी खेप साहेब रजेवर म्हणून फुकट.

शेवटी पत्रात आजाराचं नाव, किती वर्षं आहे, दाखल झाल्याच्या तारखा आणि "आजार उसळतो त्या काळात मुलीच्या संगोपनासाठी नातेवाइकांची मदत आवश्यक" एवढंच आलं. तुम्हीही असंच मागा. सोबत शासन निर्णयाची प्रत नेली, आजाराच्या ओळीखाली लाल पेन मारून. "घेत नसाल तर तसं लेखी द्या," म्हटलं. घेतला! पोच मात्र मागूनच घ्या.

गृहभेट झाली, समितीही झाली. तिथल्या बाईंनी भाचीला विचारलं, "मावशीकडे राहशील?" ती म्हणाली, "आई बरी नसेल तेव्हा." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

एक राहिलंच. खिडकीवरचं ऐकून आल्यावर त्या रात्री पोरीने विचारलं, "आईला माझ्यामुळे झालं का?" मी गप्प. ती झोपल्यावर 14416 ला फोन लावला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला. तिथल्या बाईंनी साधी वाक्यं दिली: हा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, सर्दीसारखा लागत नाही, आईला बरं करायचं काम डॉक्टरांचं, तुझं नाही. सकाळी वेणी घालताना सांगितलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हणायला लावलं.

आणि मुलीचं बँक खातं आधीच काढून ठेवा. आमचे पाच महिन्यांचे पैसे एकदम आले. शाळेच्या बसवाल्याला तोवर मीच थोपवून धरलं.