फायली गेल्या, बिलं राहिली

एमके-अल्ट्राचं, म्हणजे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेच्या मनावर ताबा मिळवायच्या गुप्त प्रयोगांचं नाव निघालं की लोकांना अंधारी खोली, डोक्याला वायरी, डोळे तारवटलेला माणूस असलं काहीबाही दिसतं. मला बिलं दिसतात. व्हाउचर, पावत्या, मंजुरीच्या सह्या. कारण या भानगडीबद्दल आज जे काही माहितीये ना, त्यातलं बरंचसं अकाउंट्सवाल्यांच्या कृपेने माहितीये.

१९५३ च्या एप्रिलमधे सीआयएचा प्रमुख अ‍ॅलन डलेस याने या प्रयोगांना मंजुरी दिली. रशिया-चीनकडे असलं काहीतरी तंत्र आहे ही धास्ती, मग आपण कशाला मागे रहायचं. सिडनी गॉटलिब नावाच्या केमिस्टकडे काम गेलं आणि बघता बघता १४९ उपप्रकल्प झाले, कॉलेजं, हॉस्पिटलं, तुरुंग धरून ऐंशीएक संस्था, आणि त्यातल्या कित्येकांना पैसा नेमका कुणाचा येतोय याचा पत्ताच नाही. १९७३ मधे संचालक रिचर्ड हेल्म्सने जाता जाता फायली नष्ट करायला लावल्या. केल्याही. पण हिशेबाचे कागद दुसऱ्याच गोदामात होते, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी मिटिंगचं बुक गायब करतो आणि खजिनदाराकडचं पावतीपुस्तक विसरतो, तसलाच प्रकार. माहितीच्या कायद्याखालच्या अर्जामुळे १९७७ मधे ती खोकी निघाली, वीसएक हजार कागद.

यातला सॅन फ्रान्सिस्कोचा फ्लॅट तर कहरच आहे. जॉर्ज व्हाइट नावाचा नार्कोटिक्सवाला अधिकारी, सरकारी पैशाने सजवलेलं घर, वेश्या गिऱ्हाईक घेऊन येणार, त्याच्या दारूत एलएसडी, म्हणजे भास करवणारं औषध, आणि हे साहेब एका बाजूने आरसा अन् दुसऱ्या बाजूने काच असलेल्या भिंतीमागे हातात ग्लास घेऊन बसलेले. याला म्हणायचं संशोधन! आणि खर्च ऑफिसच्या खात्यावर.

हसू येतं, मग फ्रँक ओल्सन आठवतो आणि हसू जातं. तो त्यांच्याच कामातला शास्त्रज्ञ. १९५३ च्या नोव्हेंबरमधे न सांगता दारूतून एलएसडी दिलं, आणि नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून खाली पडून गेला. घरच्यांना एलएसडीचं कळायला १९७५ उजाडलं, मग राष्ट्राध्यक्ष फोर्डनी बोलावून माफी मागितली. त्याने उडी मारली की त्याला ढकललं, हा वाद अजून चालूच आहे. आणि याच प्रकल्पातले, कॅनडातल्या माँट्रियलचे मानसोपचाराचे डॉक्टर कॅमेरॉन! नैराश्य, चिंता असल्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांना औषधं देऊन आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं, शॉक द्यायचे, कानाशी एकच वाक्य टेपवर पुन्हा पुन्हा वाजवायचं. काहीजणी घरच्यांना विसरल्या.

आमचे मावसकाका मोबाईल टॉवरमधून विचार पेरतात असं ठामपणे सांगतात, आणि पुरावा मागितला की एमके-अल्ट्रा पुढे करतात. त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण १९५५ मधे कुणी म्हणालं असतं की सरकार लोकांच्या दारूत औषध घालतंय तर त्यालाही वेडाच म्हटला असता. आणि कागद नष्ट करून ठेवल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेत लोक काय वाट्टेल ते भरणारच की. पण काका सरकारला फारच हुशार समजतात असं मला वाटतं. त्या बिलांमधून जी माणसं दिसतात ती क्रूर आहेत, बेफिकीर आहेत, पण जादूगार नाहीत हो.

मी काकांना सांगितलं, इतकी वर्षं खटाटोप करून गॉटलिबच शेवटी म्हणाला की यातून फारसं काही हाती लागलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन आपल्या भारतात कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला.

काका म्हणाले, "भारतातच का आला, ते शोध."