नाशिक उंचावरून : सकाळी पांडवलेणी, संध्याकाळी चांभारलेणी

तिकीट काढायचं, लिफ्टमध्ये उभं राहायचं आणि मिनिटभरात काचेपाशी जाऊन अख्खं शहर पायाखाली बघायचं, अशी सोय नाशकात नाही. उंच इमारती होताहेत, गंगापूर रोडला नि पाथर्डीकडे क्रेन हलताना दिसतात, पण त्यांच्या गच्च्या सोसायटीच्या. बाहेरच्या माणसाला वॉचमन गेटवरच विचारतो, "कोणाकडे?" आणि 'शहर बघायला' हे उत्तर रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही.

हे सगळं निघालं भाच्यामुळे. तो दुबई बघून आलेला. बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावर गेलो, ४५२ मीटर, त्याच्याही वर १४८ व्या मजल्यावर आणखी एक गॅलरी आहे ५५५ मीटरवर, तिचं तिकीट परवडलं नाही, सूर्यास्ताचं तर नाहीच नाही, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "मामा, नाशकात असलं काय आहे?" म्हटलं, उद्या सकाळी सहाला तयार राहा. पाऊस नुकता उघडला होता, ऑक्टोबर लागला होता. यापेक्षा बरे दिवस मिळाले नसते.

दिवसाचं अर्धं यश ऋतू निवडण्यातच ठरतं. नाशिकला लोक थंडीत येतात, आणि थंडीच्या सकाळी नेमकं शहर दिसत नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वरची त्यामानाने उबदार राहते. धूर, धूळ, शेकोट्या, गाड्या, जे काय असेल ते वर जाऊ शकत नाही, शहरावरच बसून राहतं. डिसेंबर-जानेवारीत दहा-अकरा वाजेपर्यंत वरून बघितलं तर पांढुरक्या थरातून इमारतींची डोकी तेवढी बाहेर. उन्हाळ्यात धुळीचं मळभ. खरी स्वच्छ हवा दोनदाच : पावसाळ्यात एखादी जोरदार सर येऊन गेल्यावर तास-दोन तास, आणि पाऊस संपल्यावरचे तीन-चार आठवडे. पाहुण्यांना बोलवायचं तर तेव्हा बोलवा, द्राक्षं नंतर पाठवता येतील.

पांडवलेणी म्हणजे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, शहरापासून आठ-एक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून. बसने यायचं तर सिटीलिंकने पाथर्डी फाटा गाठायचा आणि तिथून रिक्षा. स्वतःची गाडी असेल तर पायथ्याशी फाळके स्मारकाच्या बाजूला लावायला जागा आहे, रविवारी मात्र नऊनंतर मिळत नाही. शहरातून येताना २०२७ च्या सिंहस्थाची कामं लक्षात घेऊन वेळ धरा. आमच्या रिक्षावाल्याने मधेच रस्ता खणलेला बघून मीटरचा विषय सोडून दिला आणि आकडा सांगितला. निघण्याआधीच ठरवून घेतलेलं बरं.

पायऱ्या बांधीव आहेत, झाडीतून जातात. सवय असलेला माणूस पंधरा मिनिटांत चढतो, आई-वडील सोबत असतील तर अर्धा तास धरा, मधे बसायला कठडे आहेत. पाणी खालूनच भरून घ्या. पिशवीतून खाण्याचं पुडकं बाहेर डोकावत असेल तर माकडांच्या नजरेतून सुटत नाही. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, वर तिकीट लागतं, भारतीयांना नावापुरतंच.

वर पोचलात की लगेच फोन काढू नका. आधी दिशा लावून घ्या, नाहीतर सगळी घरं सारखीच दिसतात. लेण्यांची रांग साधारण उत्तरेला तोंड करून आहे, आणि शहर पसरलंय उत्तरेला नि ईशान्येला. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या उजव्या हाताला, संध्याकाळी डाव्या. डोळ्यांवर कधीच येत नाही. इमारतींवर आडवा उजेड पडतो, एकेक भिंत वेगळी उठून दिसते. फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काय हवं.

पायाशी महामार्ग आणि पाथर्डी फाटा. त्याच्या पुढे अंबडच्या कारखान्यांचे लांबच लांब पत्रे, उन्हात चमकणारे, आणि सिडकोची दाटी. ईशान्येला गावठाण, पण तिथलं एकही देऊळ नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. उगाच 'तो बघ काळाराम' करू नका, आमच्या मागच्या कुटुंबात त्यावरून चांगलाच वाद झाला. पूर्वेकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. ही खूण पक्की, कुठूनही सापडते, आणि तिच्यावरून नाशिकरोड कुठे ते कळतं. वायव्येला गंगापूर धरणाचं पाणी, ऑक्टोबरात काठोकाठ. समोर अगदी उत्तरेला दोन डोंगर : जवळचा चांभारलेणीचा, त्याच्या मागे सपाट माथ्याचा रामशेज. हे दोन सापडले की बाकीचं शहर आपोआप जागेवर बसतं.

भाचा म्हणाला, उंची काही फार नाही. नाहीच. पण शंभर मीटरवरूनसुद्धा सपाट मुलखात क्षितिज छत्तीस किलोमीटरवर जातं, आणि पलीकडे डोंगर असतील तर त्यांचे माथे त्याच्याही पुढचे दिसतात. उंची चौपट केली तरी क्षितिज दुप्पटच लांब जातं. म्हणजे साडेचारशे मीटरवर त्याला दिसला असेल शहात्तर किलोमीटरचा टापू. त्यात वाळवंट आणि समुद्र किती होता, हे मी विचारलं नाही.

आता ज्यासाठी इथे बुर्जपेक्षा जास्त वेळ काढावा, ती गोष्ट. लेणी चोवीस आहेत, सगळी बघायची गरज नाही. तीन नंबरचं आणि दहा नंबरचं नीट बघा.

तीन नंबरच्या ओसरीपुढे सहा धिप्पाड मूर्ती आहेत, खांद्यावर तुळया घेतलेल्या, जणू अख्खी ओसरी उचलून चालल्यात. खाली वाकून त्यांचे चेहरे बघा, झिजलेत तरी ताण कळतो. आत भिंतीवर लेख आहे तो गौतमी बलश्रीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ही आई. मुलगा गेल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. लेखात मुलाचं वर्णन करताना ती डोंगर मोजते : विंध्य, पारियात्र, सह्य, कृष्णगिरी, मलय, महेंद्र, चकोर, या सगळ्यांचा तो स्वामी. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आणि हे लेणं कुठे आहे? तर कैलासशिखरासारख्या 'तिरण्हु' पर्वताच्या शिखरावर. तिरण्हु म्हणजे हाच, आपण उभे आहोत तो, पुढे त्रिरश्मी म्हणतात तो. म्हातारीने इथे उभं राहून मुलाचा मुलूख मोजला असेल का, हे लेख सांगत नाही. पण ओसरीतून बाहेर बघितलं की राज्याची यादी डोंगरांनी का करावीशी वाटली ते लगेच पटतं.

दहा नंबरचं लेणं गौतमीपुत्राच्या शत्रूकडचं. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. या उषवदाताचा एक लेख म्हणजे सरळ मुदत ठेवीची पावती आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. दोन हजारांवर महिना एक टक्का व्याज, एक हजारावर पाऊण टक्का. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज खर्चायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस, आणि लेखात म्हटलंय की इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर एका जागी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. वीस गुणिले बारा. भाचा बँकेत आहे, त्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि पहिल्यांदाच त्या भिंतीकडे आदराने बघितलं. गोवर्धन अजून आहे, गंगापूर रोडला. ओसरीतून धरणाच्या थोडं उजवीकडे बोट केलंत की झालं. भिक्षूंना आपल्या ठेवीचं गाव इथून दिसत होतं.

लेण्यांच्या वर, डोंगरमाथ्यावर जायचं खूळ मात्र डोक्यात घेऊ नका. वाट म्हणून जी दिसते ती निसरडी आहे, पोरं चढतात आणि उतरता येईना म्हणून अडकून बसतात, मग अग्निशमन दलाची गाडी. दृश्य फार वाढत नाही. कड्याला मोहोळं असतात, तेव्हा सिगारेट, धूर, दगड मारणं बंद. सूर्यास्ताच्या सुमाराला शिट्टी वाजते आणि सगळ्यांना खाली उतरवतात. दिवे लागलेलं शहर इथून बघायला मिळत नाही.

अकराच्या आत खाली उतरलो. पायथ्याचं नेहरू वनोद्यान लहान मुलं असतील तर बघा, नसतील तर सोडा. पाथर्डी फाट्यावर मिसळ खाल्ली. रस्सा वेगळा मागून घ्या, पाव कमी खा, संध्याकाळी पुन्हा चढायचंय.

चांभारलेणी शहराच्या बरोबर दुसऱ्या अंगाला, म्हसरूळला, दिंडोरी रोडने. जैनांचं गजपंथ सिद्धक्षेत्र ते हेच. सात बलभद्र इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. म्हणून चपला कुठे काढायच्या, वर काय न्यायचं नाही, किती वाजेपर्यंत थांबू देतात, हे खालच्या मंदिरात आधी विचारा आणि ते सांगतील तसं करा. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा. पायऱ्या इथे जास्त, चढ जास्त खडा, आणि दुपारच्या उन्हात दगड तापलेले असतात. चारनंतर निघा. गुडघे दुखणाऱ्यांना मी पांडवलेणीच सांगेन.

इथून बघताना सगळं उलटं. तुम्ही दक्षिणेकडे बघताय, म्हणजे थंडीत दिवसभर सूर्य तोंडावर. फोटो पांडवलेणीइतके चांगले येत नाहीत, धुरकट येतात. पण शहर इथूनच कळतं, कारण नदी अलीकडे येते. पंचवटी आपल्या बाजूला, गोदावरी मधे, पलीकडे जुनं नाशिक, त्याच्या पलीकडे सिडको आणि मागे, सकाळी जिथे होतो ती पांडवलेणीची तीन टेकाडं. भाच्याला ती ओळखायला वेळ लागला नाही. दुर्बीण न्या. फोनचा झूम इथे उपयोगाचा नाही, साधी आठ बाय चाळीसची दुर्बीण पुरते. तिच्यातून घाटाकडची जुनी वस्ती नव्या इमारतींमधून वेगळी काढता येते. तिथेच कुठेतरी जुनी गढी आहे, नदीकाठचं मातीचं टेकाड. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा गावाखाली गाव असे थर निघाले. नाशिक उंच झालं ते आधी असं, स्वतःच्याच पडझडीवर चढत.

नैऋत्येला अंजनेरी, तिच्या उजवीकडे जरा मागे ब्रह्मगिरी. डिसेंबरात सूर्य ब्रह्मगिरीच्या अंगाला मावळतो. ऑक्टोबरात अजून बराच उजवीकडे असतो. ज्याला तो विशिष्ट फोटो हवाय त्याने धुरकं पत्करून डिसेंबरात यावं, बाकीच्यांनी आत्ता.

रामशेज त्याच दिवशी उरकायच्या भानगडीत पडू नका. किल्ला सोपा आहे, आशेवाडीतून तास-पाऊण तासाचा चढ, पण त्याला स्वतंत्र सकाळ द्या. संभाजीराजांच्या काळात १६८२ पासून मोगलांना त्याने काही वर्षं झुलवलं, ते वर गेल्याशिवाय समजत नाही, आणि सातमाळा रांग बघायची तर तीही तिथूनच. शहर मात्र तिथून लांब पडतं.

दिव्यांचं नाशिक बघायचंच असेल तर कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या एखाद्या रूफटॉप हॉटेलात जा. फोन करून कडेचं टेबल सांगा, आणि शनिवारी जाऊ नका. गाणी मोठ्याने लावतात आणि कडेचं टेबल वाढदिवसवाल्यांना दिलेलं असतं. आमचा दोघांचा चहा आणि भजी तिथे जेवढ्यात पडली, तेवढ्यात दिवसभराची रिक्षा, दोन्ही वेळचं खाणं आणि लेण्यांची तिकिटं झाली होती.